नन्नाच्या पाढ्याचं राजकारण

31 जानेवारी 2006 च्या रात्री अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त सभेपुढे वार्षिक भाषण करत होते. सोशल सिक्युरिटी ही पेन्शन योजना वाचवण्याचा आपला प्रस्ताव काँग्रेसने गेल्या वर्षी मार्गी लावला नाही, अशी खंत त्यांनी व्यक्त केली मात्र, आणि समोरचे डेमोक्रॅट खासदार उभे राहून टाळ्या पिटू लागले. अध्यक्षाच्या तक्रारीला विरोधकांनी उठून दाद द्यावी, असं त्या सभागृहात सहसा घडत नाही. बुश यांनी बोट उगारून, प्रश्न अजून संपलेला नाही, असं बजावलं. पण त्या रात्रीपुरता तरी तो संपला होता.

वर्षभरापूर्वी असं काही होईल यावर कुणी पैज लावली नसती. नोव्हेंबर 2004 मध्ये बुश दुसऱ्यांदा निवडून आले होते. सिनेटमध्ये 100 पैकी 55 रिपब्लिकन, प्रतिनिधीगृहही त्यांच्याच हातात. डेमोक्रॅटांचे सिनेटमधले नेते टॉम डॅशल स्वतःच्याच राज्यात, साउथ डकोटात पडले; पक्षाचा सिनेटनेता असा घरच्या मैदानावर हरण्याची वेळ 52 वर्षांत आली नव्हती. निवडणुकीत आपण राजकीय भांडवल कमावलंय आणि आता ते खर्च करणार आहोत, असं बुश यांनी निकालानंतर दोन दिवसांत जाहीर करून टाकलं. खर्चासाठी त्यांनी निवडली सोशल सिक्युरिटी.

ही योजना फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळातली, 1935 ची. पगारातून 6.2 टक्के कर्मचाऱ्याचे कापले जातात, तितकेच मालक भरतो आणि त्यातून आजच्या म्हाताऱ्यांना पेन्शन मिळतं. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांनाही ही कपात चांगली ठाऊक असते. हक्क लागू व्हायला साधारण दहा वर्षांची नोकरी लागते आणि भारत-अमेरिका यांच्यात याबाबत करार झालेला नाही. त्यामुळे सहा-सात वर्षांत परतणाऱ्यांनी भरलेले पैसे तिकडेच राहतात.

दुखणं खरं होतं, हे मान्य करायला हवं. 1950 मध्ये एका पेन्शनरामागे 16 कमावते होते, 2005 मध्ये जेमतेम तीन. जमलेली शिल्लक 2041 मध्ये संपेल, असा तेव्हाचा सरकारी अंदाज होता. बुश यांचं औषध असं, की 55 वर्षांखालच्यांनी हवं तर पगाराच्या चार टक्क्यांपर्यंतची रक्कम स्वतःच्या खात्यात वळवावी आणि ती शेअर-रोख्यांत वाढू द्यावी. पण वळवलेले पैसे आजच्या पेन्शनरांना द्यायचे होते, त्यांचं काय? ते भोक बुजवायला पहिल्या दहा वर्षांतच साधारण 75 हजार कोटी डॉलरचं कर्ज लागेल, असा खुद्द सरकारचा हिशेब होता. शिवाय नुसत्या खात्यांनी तूट भरून निघत नव्हतीच. म्हाताऱ्यांच्या भाकरीवर शेअर बाजाराचा जुगार, ही डेमोक्रॅटांची टीका भडक होती खरी. पण या हिशेबामुळे तिला धार आली.

5 एप्रिल 2005 ला बुश वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गला गेले. तिथल्या सरकारी कार्यालयात फायलींचं एक साधं, चार खणांचं कपाट होतं. सोशल सिक्युरिटीच्या शिलकीचे सरकारी रोखे, सुमारे 1.7 लाख कोटी डॉलरचे, कागदावर छापून त्यात ठेवलेले. बुश यांनी ते कपाट पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की निधी म्हणून काही नाहीच, आहेत ते नुसते चिठ्ठ्यांवरचे वायदे. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. अमेरिकी सरकारचे रोखे म्हणजे नुसते कागद असतील, तर चीन-जपानने विकत घेतलेले रोखे काय आहेत, असा त्यांचा सवाल. त्याला सरळ उत्तर नव्हतं.

आपल्याकडे लोकसभेत किंवा विधानसभेत विरोधी पक्षनेता हे मान्यताप्राप्त पद असतं. अमेरिकेत संपूर्ण विरोधी पक्षाचा असा एक चेहरा नसतो. दोन सभागृहांचे दोन नेते, बस्स. सिनेटमध्ये डॅशल यांच्या जागी आले हॅरी रीड, नेवाडातल्या सर्चलाइट या आडगावच्या खाणकामगाराचा मुलगा, तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेले. प्रतिनिधीगृहात नॅन्सी पेलोसी. त्यांचे वडील बाल्टिमोरचे महापौर, म्हणजे राजकारण घरातच. दोघांनी ठरवलं, की या प्रस्तावाला नाही म्हणायचं आणि बदल्यात आपला म्हणून कुठलाही प्रस्ताव मांडायचा नाही.

हे दुसरं कलम पाळणं जास्त कठीण होतं. जबाबदार विरोधकाने पर्याय द्यावा, असा उपदेश संपादकीयांतून होत होता आणि पक्षातलेही काहीजण कुरकुरत होते. आपली योजना कधी येणार, असं एका सहकाऱ्याने विचारल्यावर पेलोसींनी ‘कधीच नाही’ असं ठणकावल्याचं सांगतात. त्यामागचा हिशेब बेरकी होता. पर्याय मांडला की चर्चा ‘कापायचं का’ यावरून ‘किती कापायचं’ यावर येते आणि मग तडजोडीसाठी पक्षातला एकेक सदस्य गळाला लागतो. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला 60 मतं लागतात. 55 वाल्यांना पाच फुटीर हवे होते.

बुश ते शोधायलाच निघाले. 2005 च्या वार्षिक भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी फार्गो आणि ग्रेट फॉल्स, मग ओमाहा, लिटल रॉक, टँपा. ज्या राज्यांनी बुश यांना मतं दिली पण जिथले सिनेटर डेमोक्रॅट होते, नेमकी तीच. पुढे 60 दिवसांत 60 ठिकाणी जाण्याची मोहीम आखली गेली. जितकं समजावून सांगावं तितका लोकांचा विरोध वाढत गेला. निवृत्तांची बलाढ्य संघटना एएआरपी 2003 मध्ये औषधांच्या विम्यावर बुश यांच्या बाजूने उभी राहिली होती. या वेळी तिने विरोधात जाहिरातींचा मारा केला.

रिपब्लिकनांनी स्वतःच्या पायावरही धोंडा पाडून घेतला. फेब्रुवारीत सिनेटर रिक सँटोरम फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात योजनेचा प्रचार करायला गेले, तर बाहेर त्यांच्याच पक्षाचे विद्यार्थी सोशल सिक्युरिटी मोडीत काढा, अशा घोषणा देत होते. ‘आम्ही ती वाचवतोय’ हा सरकारी दावा त्या पोरांनी एका दुपारी निकालात काढला.

वैयक्तिक खात्यांच्या विधेयकावर उघडपणे नाव घालणारा प्रतिनिधीगृहातला डेमोक्रॅट एकच निघाला, फ्लोरिडाचे ॲलन बॉइड. ऑगस्टअखेर कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं आणि बुश यांचं उरलंसुरलं भांडवलही त्यात गेलं. प्रस्ताव मतदानापर्यंत पोहोचलाच नाही. नोव्हेंबर 2006 मध्ये दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे आली, सँटोरम पेनसिल्व्हेनियात आपटले आणि पुढच्या जानेवारीत पेलोसी पहिल्या महिला सभापती झाल्या. त्या विजयात इराकचं युद्ध आणि लॉबिस्ट जॅक अब्रामॉफचं लाचप्रकरण यांचा वाटा मोठा होता, हे विसरून चालणार नाही. पण अध्यक्षाला अडवता येतं, हा विश्वास मात्र पेन्शनच्या लढाईने दिला.

हा डाव डेमोक्रॅटांचा शोध नव्हे. डिसेंबर 1993 मध्ये बिल क्लिंटन यांच्या आरोग्य योजनेवर विल्यम क्रिस्टल या रिपब्लिकन रणनीतिकाराने पक्षाला लेखी सल्ला दिला होता, की दुरुस्त्या सुचवत बसू नका, ती सरळ मारा. योजना मेली आणि 1994 मध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृह 40 वर्षांनी जिंकलं. रीड-पेलोसींनी शत्रूचीच वही उघडली.

मग हीच वही 2025 मध्ये का चालली नाही? मार्चमध्ये डेमोक्रॅटांचे सिनेटनेते चक शूमर यांनी डोनाल्ड ट्रम्प सरकारचं खर्चाचं विधेयक अडवायचं नाकारलं, तेव्हा कार्यकर्ते खवळले. ऑक्टोबरमध्ये पक्षाने अडवलं आणि 43 दिवस, तोवरचा सर्वांत जास्त काळ, सरकारी कामकाज ठप्प झालं. मागणी होती ओबामांच्या काळातल्या आरोग्य विम्यावरचं वाढीव अनुदान चालू ठेवण्याची. फरक इथेच आहे. 2005 मध्ये काहीच घडलं नाही तर पेन्शन जसंच्या तसं राहणार होतं. नन्नाचा पाढा म्हणत बसणं हाच विजय. 2025 मध्ये काहीच घडलं नाही तर 31 डिसेंबरला अनुदानाची मुदत संपत होती. म्हणजे विरोधकांना बहुमतवाल्यांकडून काहीतरी करवून घ्यायचं होतं, आणि नुसता नकार कुणाकडून काही करवून घेत नाही. तिकडे कर्मचाऱ्यांचे पगार थकले, गरिबांची धान्यमदत अडली, विमानं रद्द होऊ लागली. रोजचा भार वाढत गेला तो नकार देणाऱ्यांवरच.

व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीत 4 नोव्हेंबरला पक्ष दणक्यात जिंकला, तरी आठवडाभरातच सिनेटमधले आठजण फुटले आणि 60 मतं भरली. अनुदानाच्या बाबतीत डिसेंबरमध्ये मतदान घेऊ, एवढंच आश्वासन त्यांच्या पदरात पडलं. त्या आठांपैकी एकालाही 2026 मध्ये मतदारांपुढे जायचं नव्हतं. दोघे निवृत्त होणार होते, बाकीच्यांच्या निवडणुका 2028 किंवा 2030 मध्ये.