पाच मिनिटं दहा सेकंदांत १४० टन

जुना जालन्यात पहाटे पाचला बाहेर पडलं की दूधवाल्यांच्या आधी भरतीची पोरं दिसतात. सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा, सोळाशे. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तर २० पैकी २० गुण. एक सेकंद वर गेला की १८. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ जागांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले. एका जागेमागे शंभर! मुलींना ८०० मीटर असतात. प्रत्येक अर्जामागे नुसते तेवढेच धरले तरी १४ लाख किलोमीटर होतात. चंद्रावर जाऊन परत यायचं, पुन्हा चंद्र गाठायचा, तरी अंतर शिल्लक.

आता त्यातला एकच पोरगा घ्या, साठ किलो वजनाचा. ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. सेकंदाला तीन पावलं धरली तर ९३० पावलं. धावताना प्रत्येक पाऊल वजनाच्या साधारण अडीचपट जोराने जमिनीवर आदळतं, म्हणजे दीडशे किलो. बेरीज जवळपास १४० टन. जालन्याच्या कारखान्यांतून पंचवीस-पंचवीस टन सळई भरून निघणारे पाच ट्रक त्या दोन नडग्यांवरून जातात, आणि तरी भार उरतोच.

पोरं इथंच फसतात. सोळाशेला ती शंभर मीटरसारखी वेगाची शर्यत समजतात. शंभर मीटरला स्नायूंत साठलेली ताकदच जवळपास पुरते. सोळाशेत मात्र जवळजवळ ८० टक्के ऊर्जा श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनवर तयार होते. हृदय एरवी मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. जीव तोडून धावताना वीस लिटर, आणि कसलेल्या लांब पल्ल्याच्या धावपटूचं तीसच्याही पुढे. पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारणाऱ्याचे पाय तिसऱ्या फेरीत जड होतात ते यामुळेच.

दम किती वाढू शकतो ते शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं दाखवलंय. शेतकऱ्याचा मुलगा, पुढे सैन्यात महार रेजिमेंटमध्ये. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्यानं ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांत पूर्ण केली. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, म्हणजे दर चौदा सेकंदांना एक झेप, तीही ९१ सेंटिमीटर उंचीवरून. या वेगात सोळाशे मीटर ४ मिनिटं २१ सेकंदांत होतात! केनियाच्या केल्विन किप्टमनं २०२३ मध्ये शिकागोची मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत धावली. तिचे सोळाशेचे तुकडे पाडा: सव्वीस होतात, प्रत्येक ४ मिनिटं ३४ सेकंदांचा, मध्ये एक क्षण विसावा नाही.

असा दम रोज घड्याळ लावून सोळाशे पळून येत नाही. आठवड्यातले बहुतेक दिवस शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या सावकाश, पाच-सात किलोमीटर. एखाददुसरा दिवस ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारू लागतात, पण हाडं आणि स्नायूबंध यांना कित्येक महिने लागतात. जाहिरात निघाल्यावर धावायला लागलेल्या पोराचा दम वाढत असतानाच नडगी ठणकायला लागते, ती याच फरकामुळे. त्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जाहिरातीची वाट पाहू नका, आजपासून सावकाश धावा.