‘उद्यापासून’ कधी उजाडतच नाही. वजन कमी करायचं मनावर घ्यायचं तरी कसं?

जालना : “सोयाबीन निघालं की सुरू करतो.” “दिवाळी होऊ द्या.” “लग्नसराई आटोपली की बघू.” वजन कमी करण्याचा, रोज चालण्याचा विषय निघाला की गावोगाव हीच उत्तरं ऐकू येतात. सोयाबीन निघतं, कापूस वेचणीला येतो, मग हरभरा, मग लग्नं, मग ऊन. वर्ष सरतं आणि पोट तिथंच राहतं.

‘मनच होत नाही’ ही तक्रार खोटी नसते. पण मन तयार झाल्यावर सुरुवात करू, हा क्रमच उलटा आहे. आधी थोडंसं सुरू करावं लागतं, त्याचा फरक दिसतो आणि मग मन लागतं.

राजूरला चालत जाणाऱ्यांना बळ कुठून येतं?

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला पायी जाणारे हजारो भाविक जिल्ह्यात आहेत. जालन्याहून राजूर साधारण २५ किलोमीटर. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात मोटरसायकलवर जाणारा माणूसही त्या रात्री चालतो. श्रद्धा तर असतेच, पण आणखी तीन गोष्टी असतात. तिथी ठरलेली असते, रस्ता ठरलेला असतो आणि सोबत असते. ‘आज जावं की नको’ हा विचार करायची वेळच येत नाही.

रोजच्या चालण्यालाही हेच लागतं. ठरलेली वेळ, ठरलेली वाट आणि न गेल्यावर ‘का नाही आलात?’ असं विचारणारा माणूस. हे तिन्ही नसलं की सगळा भार एकट्या मनावर पडतो आणि मन चार दिवसांत थकतं.

शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. रोज खुरपणाऱ्या, मजुरी करणाऱ्या माणसाला वेगळा व्यायाम सांगायची गरज नसते. पण अनेकांची शेती आता बदलली आहे. पेरणी ट्रॅक्टरवर, मळणी यंत्रावर, शेतात जाणं-येणं गाडीवर. काम हंगामापुरतं आणि बसणं बाराही महिने. त्यात चहा, बिस्किटं, फरसाण वाढलं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. म्हणजे साखर वाढलेली, पण अजून मधुमेह झालेला नाही. या उंबरठ्यावरच्यांचं प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखंच आढळलं.

उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, ही यातली चांगली बातमी. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने अशा ५३१ जणांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीसारखं राहणाऱ्या शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. खाण्या-चालण्यात बदल करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३९ होतं.

मोबाइलवरची आठवणही कामाला येते

याच पथकाने पुढे उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांवर दुसरा अभ्यास केला. सल्ला सगळ्यांनाच दिला, पण निम्म्यांना मोबाइलवर खाण्या-चालण्याची आठवण करून देणारे साधे संदेशही नियमित पाठवले. दोन वर्षांनी, फक्त सल्ला मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांना मधुमेह झाला होता. संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्के. काय करायचं ते दोघांनाही माहीत होतं. फरक पडला तो कुणीतरी आठवण करत राहिल्याने.

मराठवाड्यात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची आहारपद्धती घरोघर पोहोचली, त्यामागेही हेच दिसतं. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून त्यांनी ती मांडली. दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. या पद्धतीबद्दल आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ती सगळ्यांना मानवेलच असंही नाही. पण नियम तोंडपाठ होण्याइतके सोपे, खर्च जवळपास नाही, व्हॉट्सअॅप गटावर एकमेकांना विचारपूस आणि अधूनमधून रक्ततपासणी. लोक सुरुवात करू शकले ते यामुळे. पद्धत कोणतीही निवडा, या चार गोष्टी त्यात हव्यात.

सुरुवात कुठून करायची?

१) आधी आकडा घ्या. शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, पोट आत ओढू नका. पुरुषांची ९० सेंटीमीटरपेक्षा (साधारण साडेपस्तीस इंच) आणि बायकांची ८० सेंटीमीटरपेक्षा (साधारण साडेएकतीस इंच) जास्त असेल तर सावध व्हायला हवं. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. आशाताईंना विचारा. आकडा तारखेसह कॅलेंडरवर लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा. वजनकाटा हलला नाही तरी कंबर कमी झालेली दिसू शकते.

२) खाण्यात एकच बदल करा. सगळं एकदम सोडलं की आठ दिवसांत सगळं परत येतं. चहापासून सुरुवात सोपी. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. दिवसाला पाच कप झाले तर ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. पाहुण्यारावळ्यांत चहा नाकारला तर वाईट दिसतं, म्हणून ‘अर्धा कप, बिनसाखरेचा द्या’ एवढं म्हणायची सवय लावावी. ते जमलं की पुढचा बदल : ताटात भाजी-वरण वाढवायचं, भाकरी-भात थोडा कमी. ज्वारीची भाकरी सोडून महागडं ‘डाएट’चं पाकीट आणायची काहीच गरज नाही.

३) चालणं दहा मिनिटांपासून. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, हे गाठायचं ठिकाण आहे. पहिल्या दिवसाचं काम नव्हे. पहिला आठवडा दहा मिनिटं पुरे. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवावा. वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधा : दूध डेअरीवर घातलं की तिथूनच चालायला.

४) सोबती शोधा. शेजारी, भाऊ, बचत गटातल्या बाया. चौघांचा व्हॉट्सअॅप गट करा आणि रोज एवढंच लिहा : ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’. उपदेश नको, फॉरवर्ड नको.

अडचणी खऱ्या आहेत

रात्रपाळीची लाइट आली की रात्रभर मोटारीवर जावं लागतं. अशा दिवशी पहाटे चालायचा हट्ट नको. झोप घ्यावी, संध्याकाळी दहा मिनिटं काढावीत. बायकांना एकटीने रस्त्याला चालणं अवघड, आणि ‘हिला काय काम नाही’ हे टोमणे वेगळेच. तिघी-चौघी मिळून शाळेच्या मैदानात किंवा मंदिराच्या आवारात चाललं की तोंडं आपोआप बंद होतात. घरच्यांनी त्या वेळेत चूल सांभाळली तर निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.

खाडा पडणारच. लग्न, दवाखाना, पाऊस. एक दिवस चुकला म्हणून काही बिघडत नाही. ‘आता मोडलंच आहे तर पुढच्या महिन्यापासून’ या विचाराने बिघडतं. नियम एकच ठेवावा : सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत.

हे मात्र ध्यानात ठेवा

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण चुकवू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. औषध आपल्या मनाने बंद करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी वजन कमी करायचा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. चालताना छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर थांबून दवाखाना गाठावा. ‘दहा दिवसांत दहा किलो’ म्हणणाऱ्या पावडरींवर आणि काढ्यांवर पैसे घालू नयेत.

मुहूर्त पाहायची गरज नाही. आज संध्याकाळच्या चहात एक चमचा साखर कमी आणि गावच्या वेशीपर्यंत एक चक्कर, एवढ्याने सुरुवात होते. उद्या सोबत कोण येणार, ते मात्र आजच ठरवून ठेवावं.