फुलदांडा कापल्यानंतर

लखनौ म्हटले की चिकनकारी, दशहरी आंबा आणि तेथील अदब आठवते. याच शहरातील सिकंदर बागेत राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. १९५३ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने येथील वनस्पती उद्यान आपल्याकडे घेतले आणि १९७८ मध्ये त्यास आजचे नाव मिळाले. ग्लॅडिओलसच्या नव्या जाती विकसित करण्याचे मोलाचे कार्य या संस्थेने केले आहे.

ग्लॅडिओलस आणि सुगंधी फ्रीजिया ही एकाच कुळातील कंदवर्गीय भावंडे. फ्रीजियाला डोंगराळ भागातील थंडावा मानवतो, तर ग्लॅडिओलस लखनौच्या मैदानी हिवाळ्यातही उत्तम बहरते. मात्र दोहोंची खरी कसोटी लागते ती फुलदांडा कापल्यानंतर. कापलेले फूल जिवंतच असते. ते श्वसन करते, पाणी पिते आणि साठवलेली शर्करा खर्च करते. उष्णता वाढली की हा खर्चही झपाट्याने वाढतो.

म्हणूनच काढणी पहाटे किंवा सायंकाळी करावी. फ्रीजियाची पहिली कळी उमलू लागताच आणि पुढील दोन कळ्यांवर रंग दिसताच दांडा कापावा. ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखविला की पुरे. कंद पोसण्यासाठी झाडावर चार पाने तरी ठेवावीत. दांडे तत्काळ स्वच्छ बादलीतील पाण्यात ठेवावेत. ग्लॅडिओलस आडवे ठेवल्यास शेंडे वर वळतात व भाव घसरतो. त्यामुळे त्याची वाहतूक उभ्यानेच करावी. फ्रीजिया ० ते २ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे आठवडाभर टिकते. पिकलेल्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे मात्र तिच्या कळ्या न उमलताच सुकतात.

पाण्याचीही परीक्षा हवी. लिटरमागे केवळ १ मिलिग्रॅम फ्लोराइडही या दोन्ही फुलांना बाधक ठरते. लखनौशेजारच्या उन्नाव जिल्ह्यात आणि आपल्या यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतही काही ठिकाणच्या भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. आपल्यासाठी पिण्यायोग्य ठरलेले पाणी फुलाला मानवेलच असे नाही. अशा ठिकाणी साठवलेले पावसाचे पाणी वापरणे श्रेयस्कर.

पुष्पशेतीसाठी कर्ज घेताना हरितगृह, कंद आणि खते यांचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो. बादल्या, सावलीची शेड, शीतकक्ष आणि पाणी-तपासणी मात्र प्रकल्प अहवालातून बहुधा निसटतात. हंगामभराचे श्रम त्या शेवटच्या काही तासांत मातीमोल होऊ शकतात आणि कर्जाचा हप्ता तर ठरलेल्या तारखेलाच येतो. म्हणून अर्जदाराने हा खर्च आवर्जून मांडावा आणि शाखेतील अधिकाऱ्यानेही तो आस्थेने विचारावा.

आणि पुष्पगुच्छ घरी आला, की दांड्यांची टोके तिरपी कापावीत, पाणी रोज बदलावे आणि फुलदाणी केळ्यांच्या टोपलीपासून दूर ठेवावी. शेतकऱ्याने जपून पाठविलेले फूल आपल्या घरी पूर्ण उमलावे, इतके तरी आपल्या हाती आहे.