ऑइल निवडताना शेवटचा शब्द क्लचचा

ऑइल बदलायला गाडी गॅरेजला लागली की प्रश्न ठरलेले असतात: कुठल्या कंपनीचे, साधे की सिंथेटिक, पातळ की जाड. ऑइल इंजिनासाठी असते, हे तिन्ही प्रश्नांत गृहीत धरलेले आहे. मोटारसायकलच्या बाबतीत ते अर्धेच खरे. कारचा नेहमीचा क्लच इंजिनाबाहेर, कोरड्या जागी असतो आणि गिअरबॉक्सला स्वतःचे वेगळे तेल असते. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत मात्र क्रँक, पिस्टन, क्लच आणि गिअर एकाच तेलावर चालतात, आणि छोट्या गाड्यांत ते तेल जेमतेम लिटरभर असते. त्याने बेअरिंग निसरडे ठेवायचे आणि क्लच प्लेट मात्र निसटू द्यायच्या नाहीत. या दोन मागण्यांपैकी पहिली बाजारातले जवळजवळ कुठलेही बरे ऑइल पुरी करते. दुसरी सगळी करत नाहीत. म्हणूनच निवड क्लचच्या बाजूने व्हायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

क्लचच्या आत घर्षणद्रव्य चिकटवलेल्या प्लेट आणि साध्या स्टीलच्या प्लेट एकाआड एक रचलेल्या असतात. लिव्हर सोडू लागले की स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबतात. सुरुवातीला मध्ये तेलाचा थर असतो. तोच झटका सौम्य करतो आणि घर्षणाची उष्णता वाहून नेतो. दाब वाढतो तसे तेल खाचांतून बाहेर ढकलले जाते आणि शेवटी उरतो तो पृष्ठभागाला धरून बसलेला रेणूंचा अतिशय पातळ थर. पकड बसणार की सुटणार, हे त्या थरात काय आहे त्यावर ठरते. घर्षण कमी करणारी रसायने, उदाहरणार्थ मॉलिब्डेनमची काही संयुगे, पृष्ठभागावर असा थर धरण्यासाठीच बनवलेली असतात. पिस्टन रिंगपाशी ती कामाची, क्लच प्लेटपाशी उपद्रवी. तेल दोन्हीकडे तेच फिरते. मग घाटात मूठ पिळली की इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी आहे तिथेच रेंगाळते.

नव्वदच्या दशकात कारची ऑइल इंधनबचतीच्या मागे लागली, पातळ झाली, त्यांत अशी रसायने वाढली, आणि जपानी मोटारसायकल उत्पादकांना ती आपल्या गाड्यांना चालेनाशी झाली. त्यातून १९९८ साली जासो या जपानी वाहन-मानक संस्थेचे टी ९०३ हे मानक आले. त्यात तेल प्रत्यक्ष क्लच प्लेटांवर चाचणीयंत्रात फिरवून तीन गोष्टी मोजतात: प्लेट घसरत असतानाचे घर्षण, बसल्यानंतरची धरून ठेवण्याची ताकद आणि फिरता भाग थांबायला लागणारा वेळ. घर्षण भरपूर असेल तर एमए, कमी असेल तर एमबी. एमएचेही पुढे एमए१ आणि एमए२ असे पोटभाग झाले. एमए२ची पकड वरच्या टप्प्यातली. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी योग्य. स्कूटरमध्ये एमए गेले तर फार तर इंधनबचत थोडी कमी होईल. गिअरच्या गाडीत एमबी गेले तर क्लच घसरू शकतो. इतकी महत्त्वाची ही अक्षरे बाटलीच्या मागच्या बाजूला, भिंग लागेल अशा टायपात छापतात. पुढच्या बाजूला रेसिंगच्या गाडीचे चित्र असते.

यावरचा नेहमीचा आक्षेप अनुभवाचा आहे: कित्येक मेकॅनिक वर्षानुवर्षे गाड्यांत कारचे जाड २०डब्ल्यू-५० ओतत आले, काही बिघडले नाही. हे खरे आहे, आणि त्याला कारण आहे. इंधनबचतीची खूण ३० पर्यंतच्या पातळ ग्रेडना मिळते, त्यामुळे जाड तेलांत घर्षण घटवणारी रसायने भरण्याची उत्पादकांना फारशी गरज नसते. शिवाय शंभर सीसीच्या गाडीचा टॉर्क आठ न्यूटन-मीटरच्या आसपास. नव्या क्लचची पकड त्याहून बरीच जास्त असते, म्हणून तो निसरडे तेलही खपवून घेतो. प्लेट झिजल्या, मागे दुधाचे कॅन लादले, किंवा गाडी पस्तीस-चाळीस न्यूटन-मीटरची असली, की ही शिल्लक संपते. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा दाखलाही देतात. पण तिच्या क्लचला स्वतःच्या चेनकेसमधले वेगळे तेल होते, गिअरबॉक्सही निराळा. २००८ नंतर रॉयल एन्फील्डने इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र केले, तसा तो दाखला निकामी झाला.

दुसरा आक्षेप सिंथेटिकवर असतो, की त्याने क्लच घसरतो. इथे दोष चुकीच्या ठिकाणी लावला जातो. घसरगुंडी होते ती मिसळलेल्या रसायनांमुळे, मूळ तेलामुळे नव्हे. एमए२ची खूण असलेले पूर्ण सिंथेटिक निर्धास्त वापरावे. तसाच जाड तेलाचा मोह. उन्हाळा आहे म्हणून १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० भरले, तर क्लच दाबूनही प्लेट नीट सुटत नाहीत, न्यूट्रल सापडत नाही आणि पेट्रोलही जास्त जाते. ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. गिअरच्या दातांत तेलातले जाडी राखणारे पॉलिमर कातरले जातात, त्यामुळे मोटारसायकलचे तेल कारच्या तेलापेक्षा लवकर पातळ होते, आणि याला उपाय वेळेवर तेल बदलण्याचा आहे, आधीपासूनच जाड भरण्याचा नाही.

एवढे सगळे क्लचच्या बाजूने बोलून झाल्यावर त्याची उलटतपासणीही केली पाहिजे. क्लच घसरतो म्हणून लगेच तेलावर आळ घेऊ नये. आधी केबलला ढील आहे का बघावे. केबल ताणलेली असेल तर लिव्हर सोडूनही प्लेट पुऱ्या दाबल्या जात नाहीत. ढील ठीक असेल आणि घसरणे तेल बदलल्यापासूनच सुरू झाले असेल, तर ते काढून योग्य तेल भरावे. प्लेटांत मुरलेले जुने तेल एका बदलात पूर्ण जात नाही, तेव्हा दुसरा बदल लवकर करावा. तरीही पकड आली नाही, तर प्लेट जळून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात, आणि मग संच बदलण्यावाचून गत्यंतर नसते.