फळ्या रिकाम्या, गोदामं भरलेली

24 मार्च 2020, रात्री आठ. पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून 21 दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि भाषण संपतं न संपतं तोच शहरोशहरी माणसं पिशव्या घेऊन खाली उतरली. किराणा, दूध, औषधं चालू राहणार हे केंद्राच्या आदेशात होतं, पण आदेश वाचायला थांबतो कोण? वाण्याच्या दारात रांगा लागल्या. रांगेत नव्हते ते गुडघ्यांमुळे जिना न उतरणारे आजोबा, डायलिसिसचे रुग्ण, व्हीलचेअरवरची माणसं आणि रोजच्या मजुरीतून रोजचं किलोभर पीठ आणणारी कुटुंबं. त्या दिवसांबद्दलच्या काही समजुती अजून टिकून आहेत. पुढच्या संकटाआधी त्या तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज : चार हावरटांनी सगळा माल पळवला.

वस्तुस्थिती : मार्च 2020 मधल्या ब्रिटनमधल्या खरेदीचा हिशेब कांतार या बाजार-संशोधन संस्थेने मांडला. पास्ता घेणाऱ्यांपैकी अफाट प्रमाणात घेणारे जेमतेम 3 टक्के निघाले. बाकीच्यांनी नेहमीच्या सामानात एखाद-दुसरी वस्तू वाढवली आणि दुकानाच्या चकरा वाढवल्या. 16 ते 19 मार्च या चार दिवसांत तिथे नेहमीपेक्षा 4 कोटी 20 लाख फेऱ्या जास्त झाल्या.

आपल्याकडचं गणितही साधंच आहे. साठ बिऱ्हाडांच्या सोसायटीत प्रत्येकाने ‘असू दे घरात’ म्हणून दोन किलो तूरडाळ जास्त घेतली, तर एका संध्याकाळी 120 किलो डाळ जाते. म्हणजे पन्नास किलोची दोन पोती संपून तिसरं उघडावं लागतं. गल्लीतला वाणी एका वेळी एवढी डाळ ठेवतोच असं नाही. यात साठेबाज कोणीच नसतो. साठेबाजी म्हणजे भाव चढवण्यासाठी माल दडवणं, आणि त्यासाठी 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. 13 मार्च 2020 ला मास्क आणि सॅनिटायझर याच कायद्याखाली आणले गेले. दोन किलो जादा डाळीवर मात्र कोणताच कायदा चालत नाही.

गैरसमज : फळ्या रिकाम्या म्हणजे देशात धान्य उरलं नाही.

वस्तुस्थिती : त्याच आठवड्यात भारतीय अन्न महामंडळाकडे साडेपाच कोटी टनांहून जास्त गहू-तांदूळ पडून होता. अडलं होतं ते मधल्या टप्प्यावर. हमाल गावी निघाले, ट्रक नाक्यांवर थांबले, गिरण्यांत माणसं कमी पडली. माल दुकानात पोचायला काही दिवस लागले. ज्याच्या घरात पंधरा दिवसांचं सामान आहे, त्याला ते दिवस जाणवतही नाहीत. ज्याच्या डब्यात आजचंच पीठ आहे, त्याची चूल त्या दिवसांत पेटत नाही.

गैरसमज : ज्येष्ठांसाठी सकाळचा एक तास राखून ठेवला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्स या दुकानसाखळीने 17 मार्च 2020 पासून सकाळी सात ते आठ हा तास वृद्ध आणि अपंगांसाठी ठेवला. ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांनीही तोच मार्ग धरला. कल्पना माणुसकीची होती आणि अनेकांना तिचा उपयोगही झाला. पण ज्याला दुकानापर्यंत जाता येतं, त्याच्यासाठीच ती होती. इंग्लंडमध्ये सुरुवातीला सुमारे 15 लाख अतिजोखमीच्या रुग्णांना बारा आठवडे घराबाहेर पडूच नका असं सांगितलं गेलं. त्यांना सकाळचे सात काय नि संध्याकाळचे सात काय! त्यांच्यातल्या ज्यांना कोणाचीच मदत नव्हती, त्यांच्या दारात सरकारने मार्चअखेरीपासून शिध्याची खोकी पोचवली. खोकं मात्र सगळ्यांना सारखंच. मधुमेह्याचं पथ्य किंवा गव्हाची ॲलर्जी त्यात मोजलेली नव्हती.

गैरसमज : दुकानात जाता येत नसेल, तर ऑनलाइन मागवावं.

वस्तुस्थिती : गर्दी आधी तिथेच झाली. ऑस्ट्रेलियातल्या कोल्सने तर घरपोच सेवा काही काळ थांबवली आणि मग गरजूंना प्राधान्य देऊन ती सुरू केली.

गैरसमज : माणशी मर्यादा घातली की सगळ्यांना पुरतं.

वस्तुस्थिती : मर्यादेने फळ्या सावरतात, पण तिचा फटका मदत करणाऱ्यालाच बसतो. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने एका वस्तूचे तीनच नग देण्याचा नियम केला. एखादी तरुणी स्वतःच्या घरासह तीन शेजारी आजी-आजोबांचं सामान आणायला गेली, तर गल्ल्यावर तीच अडणार. पैशांचा प्रश्नही होताच. त्यावर ॲस्डासारख्या दुकानांनी स्वयंसेवकांसाठी वेगळं कार्ड काढलं. घरी बसलेल्या माणसाने त्यात पैसे भरायचे आणि मदतनीसाने तेवढ्यातून खरेदी करायची. रोख हाताळणं नको, बँकेचं कार्ड दुसऱ्याच्या हाती देणंही नको.

गैरसमज : रेशन फुकट मिळालं, मग गरिबांना गर्दीची झळ कशी लागेल?

वस्तुस्थिती : प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत एप्रिल 2020 पासून माणशी 5 किलो धान्य मोफत आणि कुटुंबामागे किलोभर डाळ जाहीर झाली. महाराष्ट्रातले सुमारे 7 कोटी लोक अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत आहेत. त्यांना हा मोठाच आधार होता. यादीबाहेरच्या केशरी कार्डधारकांना राज्याने 8 रुपये किलोने गहू आणि 12 रुपये किलोने तांदूळ दिला. पण तेल, मीठ, तिखट, चहा, साबण यांसाठी वाण्याकडेच जावं लागतं आणि तिथेच फळ्या रिकाम्या होत्या. गहू दळायला गिरणी उघडी हवी. ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं, अशा परप्रांतीय मजुरांच्या हाती यातलं काही सहजी पडलं नाही. राज्याच्या स्वस्त शिवभोजन थाळीचा दर तेव्हा दहावरून पाच रुपयांवर आणला गेला. चूल नसलेल्या माणसाला दहा किलो तांदळापेक्षा ती तयार थाळी जास्त उपयोगी होती.

तेव्हा पुन्हा कधी पूर येईल, संप होईल किंवा टाळेबंदीची बातमी येईल, त्या संध्याकाळी पिशवी उचलण्याआधी जिन्यातल्या एका दाराची बेल वाजवा. आतल्या माणसाला यादी लिहायला सांगा. वस्तू, वजन आणि पथ्य त्यात येऊ द्या. ‘काय हवं?’ एवढंच विचारलं तर बहुतेक जण संकोचाने ‘काही नको’ म्हणतात. सामान दारात ठेवा, बिल दाखवा, पैसे नंतर घ्या. त्यांचं एटीएम कार्ड, पिन किंवा ओटीपी मागू नका, आणि दिला तरी घेऊ नका. आपल्या घरात आठवड्याचं सामान असेल, तर त्या दिवशी फक्त त्यांचीच यादी घेऊन जा.