कुमार खो-खो संघासाठी स्पर्धांची निवड

दिवाळीची सुटी संपते, मैदानावरील चिखल वाळून माती घट्ट बसते आणि गावोगावच्या क्रीडा मंडळांकडे स्पर्धांची निमंत्रणे येऊ लागतात. पूर्वी ती टपालाने येत, आता भ्रमणध्वनीवर येतात; मजकूर मात्र फारसा बदललेला नाही. भव्य स्पर्धा, रोख बक्षिसे, फिरता चषक, प्रवेश शुल्क, निवासाची सोय. मंडळाचा कार्यवाह बहुधा शाळेतील शिक्षक असतो, खजिन्यात बेताची रक्कम असते आणि संघातील मुले-मुली नववी ते बारावीच्या वर्गांत शिकत असतात. आलेल्या निमंत्रणांपैकी कोणती स्वीकारावीत हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. प्रवासाचा खर्च, बुडणारे शाळेचे दिवस, होणाऱ्या दुखापती आणि पुढे नोकरीच्या अर्जाला जोडावयाचे प्रमाणपत्र, इतक्या गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात.

खो-खोच्या बाबतीत हा प्रश्न अलीकडे अधिक महत्त्वाचा झाला आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये या खेळाच्या नियमांना आकार देण्यास प्रारंभ झाला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे भरली. आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळवर विजय मिळविला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. या यशानंतर खेळाकडे वळणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची उमेद वाढली असल्यास नवल नाही. परंतु उमेद वाढली की स्पर्धाही वाढतात, आणि सर्व स्पर्धा सारख्या मोलाच्या नसतात.

तीन वाटा

कुमार वयाच्या खेळाडूपुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली संघटनेची. खो-खोमध्ये कुमार गट १८ वर्षांखालील व किशोर गट १४ वर्षांखालील मुलांचा असतो. जिल्हा संघटनेच्या स्पर्धेतून व निवड चाचणीतून जिल्ह्याचा संघ निवडला जातो, जिल्ह्यांचे संघ राज्य अजिंक्यपद स्पर्धेत उतरतात आणि त्यातून महाराष्ट्राचा संघ राष्ट्रीय स्पर्धेस जातो. राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूस कुमार गटात वीर अभिमन्यू, मुलींत जानकी, तर किशोर व किशोरी गटांत अनुक्रमे भरत व इला हे पुरस्कार दिले जातात. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की राज्य स्पर्धेत मंडळ खेळत नाही, जिल्हा खेळतो. मंडळाचे काम आपल्या खेळाडूंना जिल्ह्याच्या निवडीपर्यंत तयार करून नेण्याचे आहे.

दुसरी वाट शालेय स्पर्धांची. क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी होतात. येथे मंडळाचे नावही नसते. खेळाडू आपापल्या शाळेकडून अथवा कनिष्ठ महाविद्यालयाकडून खेळतो. एकाच मंडळात सराव करणारी मुले या स्पर्धांत समोरासमोर उभी ठाकतात, हा प्रसंग ग्रामीण भागात नित्याचा आहे आणि त्याचे कोणास वाईट वाटण्याचे कारण नाही. अडचण येते ती वयाची. संघटनेचे गट वेगळे, शाळेचे वेगळे. त्यामुळे तोच मुलगा एकीकडे गटातील सर्वांत मोठा तर दुसरीकडे मधला ठरतो. प्रत्येक खेळाडूची जन्मतारीख दाखल्यावरून उतरवून घेतलेली एक वही मंडळाने ठेवली, तर ऐन वेळी अपात्र ठरण्याची नामुष्की टळते.

तिसरी वाट निमंत्रित स्पर्धांची. जिमखाने, क्रीडा मंडळे, सहकारी संस्था, गावच्या यात्रा समित्या यांच्या स्पर्धा या वर्गात येतात. पहिल्या दोन वाटांवर निवडीस वाव नाही. तारखा ठरलेल्या असतात आणि तेथे गेलेच पाहिजे. निवड करावयाची ती या तिसऱ्या प्रकारात, आणि मंडळांचा पैसा व मुलांची शक्ती यांचा मोठा भाग खर्च होतो तोही येथेच.

प्रतिस्पर्धी कसा असावा

निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी बक्षिसाची रक्कम पाहिली जाते. त्याऐवजी येणाऱ्या संघांची नावे विचारावीत. कारण खो-खोची रचनाच अशी आहे की प्रतिस्पर्धी कसा आहे यावर आपल्या मुलांना किती खेळावयास मिळेल हे अवलंबून असते.

संरक्षणाच्या पाळीत नऊ खेळाडू तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. पहिली तुकडी बाद झाल्याखेरीज दुसरी आत येत नाही. पाळी नऊ मिनिटांची. समोरचा संघ आक्रमणात कच्चा असेल तर पहिल्या तुकडीतील तिघेच पाच-सहा मिनिटे पळतात, कधी संपूर्ण पाळी काढतात, आणि तिसऱ्या तुकडीतील मुलांना संरक्षणाची संधीच मिळत नाही. शिवाय सामना एक डाव राखून जिंकला की खेळ वेळेआधीच थांबतो. गुणफलक पाहून गावात आनंद होतो; मात्र सहा मुले कपड्यांना धूळ न लागता परत आलेली असतात. उलट प्रतिस्पर्धी फारच बलवान असेल तर तिन्ही तुकड्या भराभर बाद होतात, प्रत्येकाला काही सेकंदांपलीकडे पळता येत नाही, आणि एकेरी साखळी, दुहेरी साखळी यांचा जो सराव महिनोन्‌महिने केला तो दाखविण्यापूर्वीच गडी तंबूत बसलेला असतो.

आक्रमणाचेही तसेच आहे. दुबळ्या संघाविरुद्ध धावून हात लावला की गडी बाद होतो. खांबावर सूर मारणे, बसलेल्या आठ जणांनी खो केव्हा घ्यावा याचा अंदाज बांधणे, हूल देऊन पळणाऱ्यास कोंडीत धरणे, यांची गरजच भासत नाही. जी गोष्ट सामन्यात करावी लागत नाही ती सरावात कितीही घोटली तरी अंगवळणी पडत नाही, असा अनुभवी मार्गदर्शकांचा दाखला आहे.

म्हणून तिन्ही तुकड्यांना मैदान पाहावयास मिळेल, सामना दुसऱ्या डावापर्यंत चुरशीचा राहील, अशी स्पर्धा कुमार संघास हितकारक. एका हंगामात चार निमंत्रित स्पर्धा खेळावयाच्या असतील तर दोन आपल्या तोलाच्या, एक आपल्याहून थोडी वरच्या दर्जाची आणि एक जवळची, नवोदितांना उतरविण्यासाठी, अशी विभागणी करण्यास हरकत नाही. केवळ रोख रकमेसाठी कुमार वयाच्या मुलांना पुरुषांच्या खुल्या गटात खेळविणे मात्र सर्वथा टाळावे. धावण्यातील वेगाचा फरक एक वेळ भरून निघेल; अंगावर येऊन पडणाऱ्या प्रौढ देहाचा भार भरून निघत नाही.

खर्च सामन्यावर मोजावा

स्पर्धा बाद पद्धतीची की साखळी पद्धतीची, हे पत्रात अनेकदा लिहिलेले नसते. ते विचारून घ्यावे. १६ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा १५ सामन्यांत संपते आणि त्यातील ८ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. तेच १६ संघ चार-चारच्या गटांत साखळी खेळले तर प्रत्येकास किमान ३ सामने मिळतात. १५ खेळाडू, मार्गदर्शक व व्यवस्थापक अशी १७ माणसे रात्रभर प्रवास करून जातात आणि एका सामन्यानंतर परत फिरतात, तेव्हा तो एक सामना मंडळास किती महाग पडला याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. एकूण खर्चास निश्चित मिळणाऱ्या सामन्यांनी भागावे. या एका भागाकाराने पुष्कळ निमंत्रणांचा निकाल लागतो.

सामने अधिक हवेत, पण एका दिवसात किती, यासही मर्यादा आहे. नऊ मिनिटांच्या चार पाळ्या धरल्या तर पूर्ण सामन्यात प्रत्यक्ष खेळ ३६ मिनिटांचा होतो. वाचताना हा आकडा लहान वाटतो. परंतु बसणे, उठणे, वळणे, झेप घेणे आणि पुन्हा बसणे हे त्यात अखंड चालू असते आणि गुडघ्यांवर त्याचा ताण पडतो. दिवसाला दोनपेक्षा अधिक सामने लावणाऱ्या, अथवा मध्यरात्री अंतिम सामना खेळवून सकाळी मुलांना शाळेच्या बाकावर पाठविणाऱ्या संयोजकांस नम्र नकार कळविणे योग्य होय.

मैदानाचाही विचार हवा. मातीवर वाढलेला खेळाडू मॅटवर प्रथम उतरतो तेव्हा त्याचे पाय वेगळ्या रीतीने पडतात. सूर मारल्यावर तो किती घसरेल याचा अंदाज चुकतो. वरच्या पातळीवरील अनेक सामने आता मॅटवर होतात. गावात मॅट नसेल तर जिल्ह्याच्या निवड चाचणीपूर्वी मॅटवरील एक तरी स्पर्धा निवडावी. तसेच दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या व्यावसायिक लीगच्या धर्तीवर, सात-सात खेळाडूंचे, ‘वजीर’ आणि ‘ड्रीम रन’ असलेले जलद सामने काही ठिकाणी खेळविले जाऊ लागले आहेत. ते पाहण्यास रंजक आहेत आणि वर्षातून एखादा खेळण्यास हरकत नाही. परंतु नऊ जणांच्या खेळात जी जागा-जागांची शिस्त लागते ती त्यातून तयार होत नाही.

प्रमाणपत्राचे मोल

पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज प्रमाणपत्रांविषयी आढळतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे सर्वांस ठाऊक असते. मात्र त्यासाठी कोणत्या संस्थेची, कोणत्या पातळीवरील स्पर्धा आणि त्यातील कोणते स्थान ग्राह्य धरले जाते, हे शासन निर्णयांनी ठरवून दिलेले आहे, आणि नोकरीसाठी सादर केलेल्या प्रमाणपत्राची विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी होते. पत्रिकेवर ‘राज्यस्तरीय’ अथवा ‘अखिल भारतीय’ असे मोठ्या अक्षरांत छापले म्हणून एखादी निमंत्रित स्पर्धा त्या अर्थाने राज्यस्तरीय ठरत नाही. मुलाने तीन वर्षे सुटकेसभर प्रमाणपत्रे जमवावीत आणि अर्जाच्या वेळी त्यातील एकही उपयोगाचे नाही असे कळावे, ही परिस्थिती दुर्मिळ नाही. निमंत्रित स्पर्धेच्या तारखा जिल्हा निवड चाचणीशी किंवा शालेय स्पर्धेशी भिडत असतील तर निर्णय कोणता घ्यावा, हे यावरून सहज उमगेल. शंका असल्यास जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारणा करावी. स्पर्धा संपल्यावर केलेली विचारणा खेळाडूच्या कामी येत नाही.

मुलींच्या संघाबाबत आणखी एक कसोटी लागू पडते. निवासाची खोली कोठे आहे, तेथे स्वच्छतागृह आहे काय, सामने सूर्यास्तानंतर किती वेळ चालतील, सोबत शिक्षिका अथवा महिला व्यवस्थापक जाणार काय, याची उत्तरे लेखी मिळाल्याखेरीज प्रवेश शुल्क भरू नये. धाराशिवसारख्या भागातून सारिका काळे यांच्यासारखी खेळाडू पुढे येऊन २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व करते आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरते, हे उदाहरण गावोगावच्या मुलींसमोर आहे. परंतु एका गैरसोयीच्या दौऱ्यानंतर घरच्यांनी खेळ बंद केलेल्या मुलींची नावे कोठेच छापली जात नाहीत.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी या कामी स्पर्धेस निघालेल्या संघाचा सत्कार करण्यापलीकडे काही करावयाचे ठरविले तर वाव पुष्कळ आहे. गावच्या मैदानावर जवळपासच्या चार संघांची दोन दिवसांची साखळी भरविण्यास मंडपही लागत नाही. पाणी, चुना, मैदानाची आखणी, दोन पंच आणि दुपारचे जेवण इतक्यावर ६ सामने होतात, प्रवास वाचतो आणि गावातील लहान मुलांना खेळ पाहावयास मिळतो.

वर्षाची आखणी परीक्षांपासून मागे मोजत यावी. फेब्रुवारी-मार्च परीक्षांसाठी मोकळे ठेवले, संघटनेच्या व शाळेच्या तारखा वहीत प्रथम मांडल्या, की निमंत्रित स्पर्धांसाठी उरलेले आठवडे आपोआप दिसू लागतात. संघाची निवड बैठक त्यानंतर घ्यावी आणि त्या बैठकीस दोन पालक व मुलांचा कर्णधार यांना बोलवावे. ज्या स्पर्धांना जावयाचे नाही त्यांना नकाराचे पत्र लगेच पाठवावे, म्हणजे संयोजकांना भाग्यपत्रिका काढण्यापूर्वी दुसऱ्या संघास बोलाविता येते.