घडीच्या चाकूची परीक्षा

शेतावर जातांना खिशांत घडीचा चाकू असणें सोयीचें. पण तो विकत घेतांना पुष्कळ लोक पात्याची चकाकी तेवढी पाहतात. आमच्या मतें प्रथम सांधा पाहावा. पातें उघडून आडवें हलवावें; तें डगमगलें तर चाकू घेऊं नये. उघडें पातें जागीं धरणारी कळ नसेल, तर टोंक खुपसतांना पातें मिटतें आणि बोट कापतें.

फ्रान्सांतील साव्होय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यांनीं १८९० सालीं काढलेल्या चाकूस अशी कळ नव्हती. १९५५ सालीं त्यास फिरतें कडें बसलें. तें फिरवितांच पातें अडकून राहतें. त्याच्या आठ नंबरचें पातें साडेआठ सेंटिमीटर असतें. सुतळी, बारीक फांदी, भाकरीबरोबरचा कांदा, सर्वांस तेवढें पुरतें. कलमें बांधणाऱ्यानें मात्र सरळ धारेचा निराळा चाकू ठेवावा. बूच काढण्याचा स्क्रू आणि नखांची कानस असलेले चाकू बांधावर काय कामाचे, हें आम्हांस उमगत नाहीं. त्यांच्या फटींत माती मात्र सांठते.

साध्या पोलादास धार लवकर लागते, परंतु कैरी-चिंचेच्या आंबटानें तें काळें पडतें. काम होतांच तें पुसून तेलाचें बोट लावावें. एवढें ज्यांच्यानें होणार नाहीं, त्यांनीं न गंजणारें पोलाद घ्यावें.

ओपिनेलची नेहमींची मूठ बीच लांकडाची. ती ओलाव्यानें फुगते, आणि कोंकणांतील आषाढांत पातें निघतां निघत नाहीं. अशा वेळीं कडें मोकळें करून मुठीचें मागील टोंक लांकडावर ठोकावें, म्हणजे पातें किंचित् वर येतें. साव्होयचे लोकही हेंच करतात.